टाचणी शोधतेय

“काय हरवलं का, मावशी?”

विहितगावला वालदेवीच्या काठी सकाळी साडेसहाला साठी उलटलेली एक बाई गोणपाटावर गुडघे टेकून, नाक गवताला लावून बसलेली दिसली, तर कुणीही हेच विचारणार. त्या दिवशी विचारणारे शेळ्या घेऊन निघालेले एक बाबा होते. मी मान न वळवता म्हणाले, “टाचणी शोधतेय.” झालं. बाबांनी काठी बगलेत मारली आणि माझ्या शेजारी उकिडवं बसून तेही चिखल चाचपायला लागले. “सोन्याची होय?” त्यांनी हळूच विचारलं.

तोवर माझी टाचणी लव्हाळ्याच्या पात्यावर परत येऊन बसली होती. बोटाने दाखवली. बाबांनी डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं आणि निकाल दिला, “हे तर चतुराचं पिल्लू.”

हा गैरसमज बाबांचा एकट्यांचा नाही. चांगले शिकलेले लोकही मला हेच सांगतात. चतुराचं पिल्लू उडत नाही, ते पाण्यात राहतं आणि आईबापासारखं मुळीच दिसत नाही. टाचणी ही चतुराची भावकी खरी, पण घराणं वेगळं. चतुर बसला की पंख विमानासारखे आडवे पसरून बसतो. टाचणी बसली की बहुतेक जातींत चारही पंख पाठीवर मिटलेले, हात जोडल्यासारखे. चतुराचे टपोरे डोळे बहुधा माथ्यावर एकमेकांना भिडतात. टाचणीचे डोळे डोक्याच्या दोन टोकांना, मध्ये मोकळी जागा, व्यायामशाळेतल्या डंबेलसारखे. दोन्ही घराणी मिळून जगात सहा हजारांहून जास्त जाती आहेत, भारतात पाचशेच्या आसपास. मराठीने दोघांना दिलेली नावं मला फार आवडतात. एकाला स्वभावावरून नाव दिलं, दुसरीला शिवणाच्या डब्यातलं.

मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं नोकरी केली. नाशिकरोडला ‘प्रेस’ म्हटलं की वर्तमानपत्र कुणाच्या मनातही येत नाही. १९२८ पासून इथे नोटा छापतात. माझं काम तपासणीचं. छापून आलेल्या शीटवर नजर फिरवायची आणि चूक शोधायची. शाई फिकी पडली, रेघ तुटली, पुढची-मागची छपाई केसभर सरकली, की ते शीट बाजूला. घरच्यांचं म्हणणं, ही सवय मी स्वयंपाकघरात आणली आणि सुनेच्या पोळ्याही त्याच नजरेने बघते. ते सोडा. सांगायचं ते हे की निवृत्त झाल्यावर भिंगाशिवाय मला करमेना. मुलीने तिचा जुना कॅमेरा दिला, मी पन्नास मिलिमीटरची साधी लेन्स एका कडीने उलटी बसवली आणि अंगणातल्या मुंग्यांपासून सुरुवात केली. उलटी लेन्स हे गरिबाचं मॅक्रो. पुढे फंडाच्या पैशातून खरी मॅक्रो लेन्स घेतली तेव्हा मुलगा म्हणाला, “एवढ्यात चारधाम झाली असती.”

नोट सपाट असते. तिच्यावरचं सगळं एका पातळीत असतं, म्हणून भिंग धरलं की अक्षर न् अक्षर एकाच वेळी स्पष्ट दिसतं. टाचणी सपाट नाही, आणि माझी पहिली दोन वर्षं हे कळण्यातच गेली. चार सेंटिमीटरचा किडा चौकटभर घ्यायचा म्हटलं, तर अॅपर्चर अकरावर ठेवूनही स्पष्ट दिसणारी जाडी मिळते दोन-अडीच मिलिमीटर. तिच्या समोरून फोटो काढला तर डोळे येतात आणि मागचं सगळं धुरकट. म्हणून कॅमेऱ्याची पाठ आणि टाचणीचं अंग एकमेकांना समांतर ठेवावं लागतं, अगदी नोटेची पुढची-मागची बाजू जुळवावी तसं. त्यात ती बसलेली असते हलत्या पात्यावर. वारा सुटला की संपलं. म्हणून पहाट. फ्लॅशवर मी कुरकुऱ्याच्या पुडीची चंदेरी बाजू आणि पुढे बटर पेपर लावते. उजेड मऊ पडतो, आणि लेन्सच्या पैशांबद्दल घरात थोडी भरपाई होते.

पण लेन्सपेक्षा गुडघे महत्त्वाचे. टाचणीच्या उंचीवर उतरावं लागतं, आणि सावली तिच्यावर पडता कामा नये. फार जवळ गेलात तर ती उडत नाही. आधी एक गंमत करते. पात्याच्या पलीकडच्या बाजूला सरकते आणि अंग पात्याआड लपवते. पण डोळे दोन टोकांना असल्यामुळे पात्याच्या डावीकडून एक आणि उजवीकडून एक, असे दोन्ही बाहेर राहतात. वाड्यातल्या म्हाताऱ्या दाराआडून पाहुण्याला निरखत, तसं. तुम्ही डावीकडे सरकलात की ती उजवीकडे. मी एकदा असे पंधरा मिनिटं एका पात्याभोवती गोल फिरले आहे, गुडघ्यांवर. शेवटी फोटो आलाच नाही, पण त्या सकाळइतकी मजा मला प्रेसच्या रौप्य-सुवर्ण सगळ्या समारंभांत आली नव्हती.

वालदेवीवर मला नेहमी भेटते ती पिवळी. शास्त्रीय नाव सेरिॲग्रिऑन कोरोमंडेलियानम. १७९८ साली फॅब्रिशियसने कोरोमंडल किनाऱ्याच्या नावाने तिला पावन केलं. नराचं पोट लिंबाच्या सालीसारखं पिवळंधमक, छाती हिरवट. दुसरी इश्नूरा सेनेगालेन्सिस. नाव सेनेगलचं, बिऱ्हाड डबक्याडबक्यात, नाशिकमध्येसुद्धा. हिच्यात नर निळा-हिरवा-काळा, शेपटीच्या टोकाला निळा टिकला. माद्यांची मात्र गंमत आहे. काही माद्या मादीसारख्या दिसतात, काही हुबेहूब नरासारख्या, आणि नुकती मोठी झालेली मादी नारिंगी. मी तपासणीवाली बाई, पण या बाबतीत पहिल्या वर्षी माझे निम्मे निकाल चुकले. तिसरी अगदी चिमुकली, ॲग्रिओक्नेमिस पिग्मिया, तिला उभ्या माणसाने पाहणं जवळजवळ अशक्य. आणि ही चिमुकली बरेचदा मला दिसते ती सेनेगलवालीच्या तोंडात. टाचणी टाचणीला खाते. डोक्यापासून सुरुवात करते.

एकदा पिवळीच्या छातीखाली मला लाल दाण्यांची रांग दिसली, एखाद्या पोवळ्याच्या सरीसारखी. वाटलं, नवी जात सापडली. संगणकावर मोठं करून पाहिलं तर प्रत्येक दाण्याला पाय. त्या पाण्यातल्या गोचिडी होत्या, म्हणजे माइट्स. टाचणीचं पिल्लू पाण्यात असतानाच त्या त्याला चिकटतात, कात टाकून टाचणी बाहेर पडताना पटकन नव्या अंगावर चढतात, तिचं रक्त पीत आभाळ फिरून येतात आणि ती पुन्हा पाण्याशी आली की उतरतात. फुकट प्रवास आणि जेवण. मी तो फोटो मोठा करून बैठकीत लावला आहे. पाहुणे म्हणतात, “किती छान दागिना घातलाय.” मी काही सांगत नाही.

वीण मात्र पाहण्यासारखी असते. नर शेपटीच्या टोकाच्या चिमट्याने मादीची मान पकडतो, मादी पोट वळवून पुढे आणते आणि दोघांचा मिळून पत्त्यातला बदाम तयार होतो. फोटोवाल्यांचा हा लाडका क्षण. सोमेश्वरला आणि गंगापूर धरणावर लग्नाआधीची जोडपी हातांनी जो आकार करून उभी राहतात, तोच. टाचण्यांच्या बदामाखाली लोक प्रेमाच्या ओळी लिहितात. तिथे नेमकं काय चाललेलं असतं, ते जोनाथन वागे नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७९ साली दाखवून दिलं. त्याने पाहिलेल्या जातीत नर त्या वेळेचा बराचसा भाग आधीच्या नराचं बीज मादीच्या पोटातून खरवडून काढण्यात घालवतो आणि मग स्वतःचं ठेवतो. हे समजल्यापासून बदामाचे फोटो मी कमी काढते.

त्यापुढचं जे आहे, ते मला खरं मोलाचं वाटतं. एकदा ऑगस्टात, पाऊस उघडलेला. पिवळीची जोडी पाण्यावर आडव्या पडलेल्या एका हिरव्या काडीवर उतरली. नराने तिची मान सोडली नव्हती. पाय न टेकता तो तिच्या मानेवर काटकीसारखा उभा, ताठ, जणू झेंड्याची काठी. खाली मादी पोट कमानीसारखं वळवून टोकाने काडी चाचपत होती. इथे नको. इथे नको. एका जागी थांबली. पोटाच्या टोकाशी असलेलं बारीक पातं तिने काडीत घुसवलं, हलवलं, पुन्हा घुसवलं. मी श्वास धरून लेन्समधून बघत होते. प्रत्येक वेळी सालीला एक सूक्ष्म चीर पडत होती आणि त्या चिरेत एक अंडं जात होतं. ओळीने. टाके घातल्यासारखं. प्रेसमधल्या माझ्या मैत्रिणीला फोटो दाखवला तर ती म्हणाली, “अगं, ही तर खरोखरच टाचतेय.” नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात रेमंड अँड्र्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पिवळीच्या विणीचा, कात टाकण्याचा वर्षानुवर्षं अभ्यास केलेला आहे. मी फक्त एक काडी पाहिली, पण त्या काडीने माझं मत बनलं, आणि आज जे लिहायला घेतलं ते तेच.

टाचणीला पाणी पुरत नाही, तिला काडी लागते. बरेचसे चतुर उडता उडता शेपूट पाण्यावर आपटून अंडी सोडून देतात, उघडं पाणी त्यांना चालतं. कित्येकदा चमकत्या पृष्ठभागाला पाणी समजून ते गाडीच्या बॉनेटवरही अंडी सोडतात. टाचणी सहसा अशी फसत नाही. तिला बहुधा जिवंत, मऊ, पाण्यात पाय सोडून उभं असलेलं काहीतरी हवं. लव्हाळं, पाणकणीस, तरंगतं पान, अगदी जलपर्णीसुद्धा. म्हणजे नदीचा तो भाग, जो ना धड पाणी ना धड जमीन. गचपण. आणि आपल्याला नेमकं तेच साफ करायचं असतं.

साफ करण्याचा रोग आम्हा फोटो काढणाऱ्यांत आधी शिरला, हेही कबूल करते. ‘बॅकग्राउंड क्लीन हवं’ हा आमच्यातला मंत्र. मागे एक पातं आडवं आलं की हात शिवशिवतो. मीही एकदा एका जोडीच्या मागची काडी बाजूला वाकवली, फोटो काढला, काडी सोडली. ती सटकन परतली आणि बुडाशी मोडली. तिच्यावर आदल्या दिवशी मीच अंडी घालताना पाहिली होती. फोटो सुंदर आला आहे, कुणाला दाखवत नाही.

काही मंडळी याच्या फार पुढे गेली. एका प्रदर्शनात मी पहिल्या क्रमांकाचा फोटो पाहिला. दवाने मढलेली टाचणी, पाठीमागे रेशमासारखा हिरवा रंग. लोक थबकून बघत होते. मीही थबकले, पण सवयीने चूक शोधायला. दव पडतं ते सगळ्यांवर पडतं. टाचणीच्या छातीवरच्या केसांवर, पायांच्या काट्यांवर, डोळ्यांवर, बसलेल्या काडीवर, शेजारच्या पात्यावर, आणि बारीक पडतं. त्या फोटोत टाचणीच्या एकाच बाजूला टपोरे थेंब होते आणि काडी कोरडी ठणठणीत. पायांनीही काडी धरलेली नव्हती, ते नुसते लोंबत होते. जिवंत टाचणी गार पडलेली असली तरी काडी धरून असते. ही कुणीतरी फ्रीजमध्ये ठेवून सुन्न केलेली किंवा मेलेली होती, चिकटवलेली होती आणि वरून फवारा मारला होता. नकली नोट. मी तिथे काही बोलले नाही, परीक्षक मी नव्हते. घरी येईपर्यंत मात्र मनातल्या मनात ते शीट शंभरदा बाजूला काढलं.

याची काही गरज नसते, हे मला जास्त टोचतं. आपल्याकडे थंडी आहे! डिसेंबरात निफाडचा पारा पाच-सहावर उतरल्याच्या बातम्या तुम्ही दर वर्षी वाचता. त्या दिवसांत द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात, आणि टाचण्या सूर्य वर येईपर्यंत पात्यांना चिकटून निश्चल असतात, खऱ्या दवाने भिजलेल्या. अंगात ऊब भरेपर्यंत त्यांना उडता येत नाही. तेवढा तास-दीड तास तुमचा. फक्त अलार्म लावावा लागतो, आणि तोच लोकांना जड जातो. नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळ अभयारण्यात मी असे लोक पाहते. जानेवारी २०२० मध्ये त्याला रामसरचा दर्जा मिळाला, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, आणि तेव्हापासून बंदुकीएवढ्या लेन्सा घेऊन गाड्या येतात. चापडगावच्या मनोऱ्यावर उभं राहून सगळे लांबच्या बदकांकडे बघत असतात. बघावं, बदकं सुंदरच आहेत. पण कोणाच्या बुटाखाली काय चिरडलं, ते त्या लेन्सला दिसत नाही.

आता नदीकडे येते. सिंहस्थ कुंभमेळ्याचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि अमृतस्नानं ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये. त्या तयारीत नाशिकमध्ये जिथे जावं तिथे खणलेलं आहे, तपोवनातली झाडं तोडण्यावरून केवढा वाद झाला तो तुम्हाला माहीत आहे. घाट नकोत असं म्हणणारी मी नाही. २००३ च्या सिंहस्थातली चेंगराचेंगरी आम्ही विसरलेलो नाही. लाखो माणसं एका दिवसात पाण्यात उतरणार, त्यांना पायऱ्या हव्यात, कठडे हवेत, पाय घसरता कामा नये. माझी आईही सिंहस्थात रामकुंडावर गेलेली, मीही जाईन. पण रामकुंडाच्या परिसरात आपण काय करून बसलो, तेही आठवावं. नदीच्या तळावर काँक्रीट घातलं, जुनी कुंडं त्याखाली गेली, आणि मग ते काँक्रीट काढा म्हणून नाशिककरांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं, कोर्टाची पायरी चढावी लागली. तळ झाला, आता काठाची पाळी आहे.

आमच्या जिल्ह्यात येवल्याला पैठणी विणतात. काठ पाहून पैठणीची किंमत होते. नारळी काठ, मुनिया काठ, बोटं फिरवून बायका तास तास घालवतात. बिनकाठाची पैठणी कुणाला दाखवा, हसेल. नदीचा काठ मात्र कापून सरळ केला, वर फरशी बसवली, की त्याला आपण सुशोभीकरण म्हणतो.

माझ्या वालदेवीवरच्या तुकड्याचं गेल्या वर्षी असंच झालं. पुलापासून खाली शंभरेक पावलांचा काठ, ज्यावर मी चार वर्षांत टाचण्यांच्या नऊ जाती टिपल्या होत्या. एका सकाळी गेले तर जेसीबी. चालवणारा पोरगा विशीतला, सभ्य. म्हणाला, “काकू, साफसफाई चाललीये. साप निघतात ना.” साप निघतात हे खरं आहे. मी म्हटलं, एवढी दहा फुटांची पट्टी सोड. तो म्हणाला, साहेबांना विचारा. साहेब फोनवर नव्हते. दुपारपर्यंत काठ सरळ झाला, तपासणीत सहज पास झाला असता असा. पुरात झाडं जातात आणि लव्हाळी वाचतात, हे आम्हाला शाळेत शिकवलं होतं. जेसीबीबद्दल काही शिकवलं नव्हतं.

इथे कुणी विचारेल, आणि माझ्या मुलाने विचारलंच, की टाचण्या म्हणजे स्वच्छ पाण्याचं लक्षण ना, मग वालदेवीच्या त्या पाण्यात त्या करतात काय? हे अर्धसत्य आहे. सेनेगलवाली आणि पिवळी बऱ्यापैकी घाण पाण्यातही निभावून नेतात. उलट दगडगोट्यांतून खळाळणाऱ्या पाण्याच्या टाचण्या असतात, काळ्या पट्ट्याच्या पंखांची तांबडी डिस्पॅरोन्यूरा तशांपैकी. ती मला विहितगावला एकदाही दिसलेली नाही. म्हणजे टाचणी दिसली म्हणून नदी शुद्ध, असं प्रमाणपत्र कुणी फाडू नये. कोणती दिसली आणि कोणती दिसेनाशी झाली, हे विचारावं लागतं, आणि ते विचारायला आधी कुणीतरी खाली बसून मोजावं लागतं. २०२१ च्या डिसेंबरात आययूसीएन या निसर्गसंवर्धन संघटनेने जगभरच्या ६,०१६ चतुर-टाचण्यांचा हिशेब मांडला तेव्हा त्यातल्या १६ टक्के जाती नाहीशा होण्याच्या वाटेवर असल्याचं कळलं. कारणांत पाणथळ जागा बुजवणं, शेती, शहरं. आपल्याला ओळखीचीच यादी.

आणि आपल्याकडे मोजदाद कुठे पुरी झाली आहे? फ्रेझर नावाच्या लष्करी डॉक्टरने १९३३ ते १९३६ या काळात भारतातल्या चतुर-टाचण्यांवर तीन जाडजूड खंड लिहिले. त्यानंतर ऐंशीहून जास्त वर्षांनी, २०१९ मध्ये शंतनू जोशी आणि दत्तप्रसाद सावंत यांनी सिंधुदुर्गात देवगडजवळ विमलेश्वरला पिवळीचीच एक नवी बहीण शोधून काढली, सेरिॲग्रिऑन क्रोमोथोरॅक्स. २०२१ मध्ये साताऱ्याच्या ठोसेघरावरून एका नव्या टाचणीला नाव मिळालं, युफिया ठोसेघरेन्सिस. सेनेगल आणि कोरोमंडलच्या नावांच्या रांगेत ठोसेघर! वाचलं तेव्हा मला पोरीला नोकरी लागल्यासारखा आनंद झाला होता. नाशिकच्या काठावर कुणी बिननावाची बसलेली असेल का? असेलही. काठ असेल तर.

डासांचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण मला तो आवडत नाही. टाचणीचं पिल्लू पाण्यात डासांच्या अळ्या खातं. खालचा ओठ हातासारखा झटक्यात पुढे फेकतं आणि अळी ओढून घेतं. मोठी झाल्यावर ती उडती चिलटं, डास पकडते. यांगूनमध्ये चतुरांची पिल्लं घराघरांतल्या पाणी साठवायच्या भांड्यांत सोडून डेंग्यूचे डास आटोक्यात आणल्याचं संशोधन १९९० साली प्रसिद्ध झालं आहे. दर पावसाळ्यात धुराची यंत्रं फिरवणाऱ्या शहराला हे ठाऊक असलेलं बरं. पण ‘डास खाते म्हणून वाचवा’ हे ‘पगार आणतो म्हणून नवरा बरा’ म्हणण्यासारखं आहे. खोटं नाही, पण एवढ्यावर संसार होत नाही.

मागणं फार मोठं नाही. जिथे माणसं उतरणार तिथे घाट बांधा, चांगले बांधा. पण दोन घाटांच्या मध्ये जिथे कुणी उतरणार नाही, तिथे पन्नास पावलं काठ मातीचा, गवताचा राहू द्या. सलग दगडी भिंत नकाशावर छान दिसते एवढंच. गवत कापायचंच असेल तर जुलै ते नोव्हेंबर सोडून कापा, आणि एका वर्षी एक बाजू, दुसऱ्या वर्षी दुसरी. शेतकऱ्यांनाही एक सांगायचं आहे. निफाड, दिंडोरी, चांदवडकडे शेततळ्यांना काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. कडा गुळगुळीत, एक पातं नाही. चकाकी बघून चतुर येतात, टाचण्या वळून जातात. एका कोपऱ्यात एक जुनी बादली मातीने भरून त्यात लव्हाळ्याचं एक बेट लावून ठेवलं, तर कागदाला धक्का लागत नाही. आमच्या एका नात्यातल्या द्राक्षवाल्याने ठेवलं आहे. आधी हसला होता.

टाकळीला नंदिनी गोदावरीला मिळते. तिथे समर्थ रामदास बारा वर्षं संगमाच्या पाण्यात उभं राहून जप करत, मासे त्यांच्या पायांना टोचत, अशी कथा आहे. इतका वेळ न हलता पाण्यात उभ्या माणसाच्या खांद्यावर टाचण्या बसल्या असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ते कुणी लिहून ठेवलं नाही इतकंच.

या महिन्यात मी पुन्हा माझ्या तुकड्यावर गेले. काठ अजून उघडाच होता. पुढच्या कामासाठी कुणीतरी आखणी करून पाण्याच्या कडेला लाकडी खुंट्या ठोकल्या होत्या, प्रत्येकीवर तांबड्या रंगात आकडा. सात नंबरच्या खुंटीवर पाण्यापासून चार बोटं वर काहीतरी होतं. गोणपाट टाकलं, गुडघे टेकले. टाचणीची कात होती, पिल्लाची रिकामी कातडी, पाठीवर उभी चिरलेली, आणि चिरेतून श्वासनळ्यांचे पांढरे दोरे बाहेर लोंबत होते. दुसरं काही उभं नव्हतं म्हणून ते पिल्लू खुंटीवर चढलं होतं. कातीच्या वर ती स्वतः बसली होती, दुधी रंगाची, अजून कुठल्याच जातीची दिसत नव्हती.

मागून शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या. बाबा लांबूनच ओरडले, “सापडली का, मावशी?”

मी न वळता हात वर केला, तिथेच थांबा म्हणून. पंख वाळायचे होते.